जनसंपर्काचे शिक्षण आणि एक स्मृती-शिष्यवृत्ती

[माहिती व प्रसिद्धीचे काम करणारे अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यासाठी भरविलेल्या एका अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा हा मजकूर आहे.]



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराच्या परिसरात जनसंपर्काचे शिक्षण घेणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी ठेवलेली एक लहानशी स्मृती-शिष्यवृत्ती, हा तो विषय. आपल्या जिल्ह्याचा, आपल्या पंचायतीचा तिच्याशी काय संबंध, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. संबंध आहे, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही, हे व्याख्यान संपेपर्यंत आपणांस पटेल अशी आशा आहे. परंतु प्रथम तो विषय त्याच्या स्वतःच्या भूमीवर समजून घेतला पाहिजे.

पॅट टोबिन या लॉस एंजेलिस येथील एक कृष्णवर्णीय महिला. १९८३ मध्ये त्यांनी त्या शहरात स्वतःची जनसंपर्क संस्था सुरू केली. टोयोटासारखी मोठी मोटार कंपनी त्यांच्या ग्राहकांत होती. कृष्णवर्णीय जनसंपर्क व्यावसायिकांची राष्ट्रीय संघटना ज्यांनी उभी केली, त्यांतही त्या होत्या. २००८ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात त्या शहरातील कृष्णवर्णीय जनसंपर्क व्यावसायिकांच्या संस्थेने त्यांच्या स्मरणार्थ दक्षिण कॅलिफोर्नियातील विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती ठेवली. हकीगत एवढीच आहे. अशा शिष्यवृत्तीची रक्कम मोठी नसते. तिच्यासाठी कोणी भव्य वास्तू उभारीत नाही. मग तिच्याविषयी एवढ्या विस्ताराने बोलण्याचे कारण काय?

कारण असे की, या लहानशा गोष्टीत एक मोठा प्रश्न दडलेला आहे. एखाद्या समाजाविषयी बोलण्याचा, लिहिण्याचा, त्याचे चित्र जगापुढे मांडण्याचा अधिकार कोणाचा? आणि तो अधिकार त्या समाजाकडे यावयाचा असेल, तर त्याच्या मुलामुलींना त्या विद्येपर्यंत पोहोचविणार कोण?

आपली बाजू आपण मांडण्याचा हक्क

हा प्रश्न अमेरिकेत नवा नाही. १६ मार्च १८२७ रोजी न्यूयॉर्क येथे ‘फ्रीडम्स जर्नल’ या नावाचे एक पत्र निघाले. कृष्णवर्णीयांनी चालविलेले अमेरिकेतील ते पहिले वृत्तपत्र. सॅम्युएल कॉर्निश आणि जॉन रसवर्म हे त्याचे संपादक. त्या वेळी दक्षिणेकडील राज्यांत गुलामगिरी कायद्याने चालू होती आणि पुढे १८६५ पर्यंत ती चालूच राहिली. अशा काळात या संपादकांनी पहिल्याच अंकात आपला हेतू स्पष्ट केला. आमच्या वतीने इतरांनी फार काळ बोलून झाले. आता आमची बाजू आम्हीच मांडू इच्छितो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. जनसंपर्क हा शब्द तेव्हा रूढ नव्हता. परंतु जनसंपर्काचे मूलतत्त्व याहून वेगळे ते काय आहे?

पुढे १९०९ मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि १९१० पासून डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांच्या संपादकत्वाखाली ‘द क्रायसिस’ हे तिचे मासिक निघू लागले. जमावाने कृष्णवर्णीय माणसाला ठार मारण्याच्या घटना त्या काळी वारंवार घडत. १९३० नंतरच्या वर्षांत अशी वार्ता आली की ही संघटना न्यूयॉर्कच्या गजबजलेल्या रस्त्यावरील आपल्या कचेरीच्या खिडकीबाहेर एक काळा ध्वज लावीत असे. काल एका माणसाला जमावाने ठार मारले, एवढेच त्यावर लिहिलेले असे. जागा सोडावी लागेल अशी ताकीद मिळाल्यामुळे १९३८ मध्ये तो ध्वज लावणे थांबले. त्या ध्वजावर एकही विशेषण नव्हते. आपण जे प्रसिद्धीचे काम करतो, त्यांनी या ध्वजापासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. वस्तुस्थिती सत्य असेल आणि ती योग्य ठिकाणी मांडली गेली, तर अलंकारांची गरज पडत नाही.

व्यवसायाचा बंद दरवाजा

जनसंपर्क हा विसाव्या शतकात अमेरिकेत एक स्वतंत्र व्यवसाय म्हणून वाढला. १९२३ मध्ये एडवर्ड बर्नेज यांनी न्यूयॉर्क विद्यापीठात या विषयाचा अभ्यासक्रम शिकविला. १९४७ मध्ये बोस्टन विद्यापीठात जनसंपर्काचे स्वतंत्र विद्यालय निघाले आणि त्याच वर्षी या व्यावसायिकांची राष्ट्रीय संस्थाही स्थापन झाली. परंतु या वाढत्या व्यवसायात कृष्णवर्णीयांना शिरकाव मिळणे दुर्घट होते. त्याचे एक कारण पाहण्यासारखे आहे. जनसंपर्काकडे येणारी पुष्कळ माणसे वृत्तपत्रांतून येत, आणि वृत्तपत्रांचेच दार बंद होते. १९६७ मध्ये अनेक शहरांत दंगली झाल्यानंतर अध्यक्ष जॉन्सन यांनी नेमलेल्या कर्नर आयोगाने १९६८ मध्ये आपला अहवाल दिला. वृत्तव्यवसायातील संपादकीय जागांवर कृष्णवर्णीयांचे प्रमाण शेकडा पाचाहूनही कमी असल्याचे त्यात नमूद केले होते. देशातील कृष्णवर्णीयांविषयीच्या बातम्या रोज छापल्या जात होत्या. परंतु त्या लिहिणारे हात जवळजवळ सगळे इतरांचे होते.

तरीही काही जिद्दीची माणसे या क्षेत्रात उतरली. जोसेफ बेकर यांनी १९३४ मध्ये फिलाडेल्फिया येथे स्वतःची जनसंपर्क संस्था काढली. कृष्णवर्णीयांच्या मालकीची ती पहिली अशी संस्था मानली जाते. मॉस केंड्रिक्स हे अटलांटाच्या मोरहाउस महाविद्यालयाचे १९३९ चे पदवीधर. १९४४ मध्ये त्यांनी वॉशिंग्टन येथे आपली संस्था सुरू केली आणि पुढे कोका-कोला कंपनीचे काम मिळविले. त्या काळच्या जाहिरातींत कृष्णवर्णीय माणूस दिसलाच तर तो बहुधा नोकर म्हणून किंवा हसण्याचा विषय म्हणून दिसे. विद्यार्थी, खेळाडू, कुटुंबवत्सल गृहस्थ अशा त्याच्या खऱ्या रूपात तो दाखविला जावा, हे केंड्रिक्स यांनी मोठ्या कंपन्यांना पटवून दिले. हे काम भाषणाने झाले नाही. ज्या खोलीत जाहिरातीचे निर्णय होतात, त्या खोलीत बसून ते झाले.

शिक्षक बंधुभगिनींना आणखी एक नाव सांगण्यासारखे आहे. कॅन्सस सिटीच्या आयनेझ कायझर या मुळात गृहशास्त्राच्या शिक्षिका. १९६० च्या सुमारास त्यांनी शाळेची नोकरी सोडून जनसंपर्काचा व्यवसाय सुरू केला आणि देशपातळीवरील कंपन्यांची कामे मिळविली. असे करणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिलांपैकी होत. ओफिल्ड ड्यूक्स हे अलाबामात जन्मलेले आणि डेट्रॉइटमध्ये वाढलेले गृहस्थ. त्यांनी १९६९ मध्ये वॉशिंग्टन येथे आपली संस्था काढली. मोटाउन ही प्रसिद्ध संगीत कंपनी त्यांची पहिली ग्राहक होती. परंतु मला त्यांचे स्मरण होते ते दुसऱ्या कारणासाठी. स्वतःचा व्यवसाय जोरात चालू असताना ते अनेक वर्षे हॉवर्ड विद्यापीठात जनसंपर्काचा विषय शिकवीत राहिले. आपण ज्या वाटेने आलो ती वाट आपल्यामागे मोकळी राहिली पाहिजे, याची जाण त्यांना होती. एखाद्याच्या नावाने पुढे ठेवल्या जाणाऱ्या शिष्यवृत्तीचे खरे बीज येथे आहे. मृत्यूनंतर निधी जमतो. पण ज्यामुळे तो जमतो ते काम हयातीतच झालेले असते.

एक जिल्हा, दोन उदाहरणे

काही जण म्हणतील की जाहिराती आणि कंपन्या हा पैसेवाल्यांचा व्यवहार झाला. त्यात कोणाचे जिवाचे नुकसान होते? याचे उत्तर देण्यासाठी मी अलाबामा राज्यातील एकाच परिसरातील दोन उदाहरणे सांगतो.

टस्केगी येथे बुकर टी. वॉशिंग्टन यांची विख्यात शिक्षणसंस्था आहे. १९१५ मध्ये त्यांनी तेथून कृष्णवर्णीयांसाठी एक आरोग्य-सप्ताह सुरू केला. घराची व अंगणाची स्वच्छता, पिण्याचे पाणी, बालसंगोपन, रोगप्रतिबंध यांविषयीची माहिती शाळा आणि प्रार्थनामंदिरे यांच्यामार्फत लोकांपर्यंत पोहोचविली जाई. समाजाने समाजासाठी चालविलेली ही मोहीम दीर्घकाळ चालली आणि देशभर पसरली. आपल्याकडील ग्रामस्वच्छतेचे काम ज्यांनी केले आहे, त्यांना तिचे मोल सांगावयास नको.

त्याच परिसरात १९३२ मध्ये शासनाच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर एक अभ्यास सुरू केला. त्यांपैकी ३९९ जणांना उपदंशाचा विकार होता. त्यांना खरे काय ते सांगितले गेले नाही. तुमचे रक्त बिघडले आहे, त्यावर आम्ही उपचार करीत आहोत, असे त्यांना भासविण्यात आले. पुढे पेनिसिलीन हे गुणकारी औषध उपलब्ध झाले, तेही त्यांना दिले गेले नाही. १९७२ मध्ये वृत्तपत्रांतून ही गोष्ट उघडकीस आली तेव्हा तो प्रकार थांबला. १९९७ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी राष्ट्राच्या वतीने क्षमा मागितली. परंतु शासकीय आरोग्यसंदेशावरील लोकांचा उडालेला विश्वास एका क्षमेने परत येत नसतो.

या दुसऱ्या उदाहरणात एक सूक्ष्म गोष्ट आहे आणि ती मला विशेषकरून आपणांपुढे मांडावयाची आहे. त्या पुरुषांशी वर्षानुवर्षे संपर्क ठेवण्याचे काम एका कृष्णवर्णीय परिचारिकेकडे होते. ती त्यांच्यातलीच होती आणि त्यांचा तिच्यावर विश्वास होता. त्या विश्वासाच्या जोरावरच तो अभ्यास इतकी वर्षे चालला. म्हणजे समाजातील एक माणूस निरोप पोहोचविण्यासाठी नेमला की काम झाले, असे मुळीच नाही. निरोप काय असावा हे जेथे ठरते, तेथे बसण्याची पात्रता, पद आणि धैर्य त्या माणसाजवळ असले पाहिजे. निरोप खोटा असेल तर तो मी पोहोचविणार नाही, असे म्हणता येण्याइतके त्याचे स्थान भक्कम हवे. असे स्थान शिक्षणाने मिळते. जनसंपर्काच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती कशाला, या प्रश्नाचे माझे उत्तर हे आहे. निरोप्यांची संख्या वाढविणे हा तिचा हेतू नव्हे. निर्णयाच्या बैठकीत ज्यांचा शब्द मोजला जाईल अशी माणसे तयार करणे, हा तिचा हेतू होय.

लहान रकमेचे मोठे काम

आता व्यवहाराकडे वळू. अमेरिकेतील महाविद्यालयीन शिक्षण फार महाग आहे. एका लहान शिष्यवृत्तीने वर्षाचे शुल्कही भागत नाही. मग तिचा उपयोग काय? या व्यवसायात शिरण्याची वाट कशी आहे हे पाहिले म्हणजे तो ध्यानात येतो.

जनसंपर्काच्या विद्यार्थ्याला पदवीबरोबर उमेदवारी करावी लागते. तिला आता सर्रास इंटर्नशिप म्हणतात. ही उमेदवारी बहुधा न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, लॉस एंजेलिस अशा महागड्या शहरांत असते, आणि अनेक ठिकाणी ती विनावेतन किंवा नाममात्र वेतनावर असते. दोन-तीन महिने अशा शहरात राहण्याजेवण्याचा खर्च ज्याचे आईवडील करू शकतात, तो ती स्वीकारतो. ज्याला सुट्टीत मजुरी करून पुढील वर्षाचे पैसे जमवावयाचे असतात, त्याला ती सोडून द्यावी लागते. पुढे नोकरी देताना मात्र पूर्वानुभव विचारला जातो. अशा रीतीने कोणतीही पाटी न लावता दार बंद राहते.

या दारामागे पिढ्यांचा हिशेब आहे. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने २०२२ मध्ये केलेल्या पाहणीनुसार, श्वेतवर्णीय कुटुंबांच्या संपत्तीचा मध्यमान आकडा सुमारे २,८५,००० डॉलर होता, तर कृष्णवर्णीय कुटुंबांचा सुमारे ४४,९०० डॉलर. हा महिन्याच्या मिळकतीतील फरक नव्हे. अडीअडचणीला मोडता येईल अशा साठ्यातील हा फरक आहे. ज्या घरी साठा आहे, त्या घरचा मुलगा एक उन्हाळा विनावेतन काम करू शकतो. ज्या घरी तो नाही, त्या घरच्या मुलीला एक-दीड हजार डॉलरची शिष्यवृत्ती तोच एक उन्हाळा मिळवून देते. पुढील सारे आयुष्य पुष्कळदा त्या एका उन्हाळ्यावर अवलंबून असते.

पैशाखेरीज आणखी दोन गोष्टी अशा शिष्यवृत्तीतून मिळतात. पहिली म्हणजे ओळखी. व्यावसायिकांच्या संस्थेने शिष्यवृत्ती दिली म्हणजे तो विद्यार्थी त्या संस्थेच्या माणसांना ठाऊक होतो. त्याचा अर्ज कोणीतरी वाचतो, त्याचे लेखन कोणीतरी तपासतो, पुढे त्याच्यासाठी कोणीतरी शब्द टाकतो. ज्याच्या घराण्यात या व्यवसायातील कोणी नाही, त्याला हे एक प्रकारचे घराणेच मिळते. दुसरी गोष्ट म्हणजे नाव. ज्या व्यक्तीच्या स्मरणार्थ ती शिष्यवृत्ती आहे, तिचे चरित्र विद्यार्थ्याला अर्ज भरताना वाचावे लागते. आपल्यासारखीच एक स्त्री या शहरात होती, तिने हा व्यवसाय केला आणि नावारूपाला आणला, हे त्याला प्रथमच कळते. पुतळा पाहून मस्तक नमते. शिष्यवृत्तीमुळे पाऊल पुढे पडते. म्हणून स्मारकाच्या अनेक प्रकारांत मला हा प्रकार अधिक जिवंत वाटतो.

निधीचे गणित

स्मृती-निधीचे गणित साधे आहे. मुद्दल शाबूत ठेवावयाचे आणि त्याच्या उत्पन्नातून दरवर्षी मदत द्यावयाची. समजा २५,००० डॉलर जमले आणि त्यावर शेकडा ४ खर्चासाठी मिळाले, तर वर्षाला १,००० डॉलर देता येतात. परंतु महागाई वाढते आणि मुद्दल आहे तेवढेच राहिले, तर वीस वर्षांनी त्या हजाराची किंमत फार घटलेली असते. आपल्या गावोगावच्या शाळांत हा अनुभव आपण घेतलेला आहे. कोणा सद्गृहस्थाने आईच्या किंवा वडिलांच्या स्मरणार्थ काही रक्कम शाळेच्या नावे बँकेत ठेवलेली असते. ज्या काळी ती ठेवली, त्या काळी तिच्या व्याजातून पहिल्या आलेल्या मुलाची वर्षभराची पुस्तके येत. आज त्या व्याजात एक वही आणि पेन येते. बक्षीस समारंभात नाव वाचले जाते, टाळ्या पडतात, पण मुलाची गरज होती तेथेच राहते. याचा दोष देणाऱ्याकडे नाही. निधीकडे पुन्हा कोणी पाहिले नाही, हा दोष आहे. ज्या संस्था दरवर्षी सभासदांकडून थोडी थोडी भर घालून निधी वाढवितात, त्यांच्याच शिष्यवृत्त्या दोन पिढ्या टिकतात.

कायद्याच्या कसोटीवर

या विषयाची एक अवघड बाजू आहे आणि ती टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. केवळ कृष्णवर्णीयांसाठी शिष्यवृत्ती ठेवणे अमेरिकन कायद्याला मान्य आहे काय, हा वाद तेथे दीर्घकाळ चालू आहे. मेरीलँड विद्यापीठात बेंजामिन बॅनेकर या अठराव्या शतकातील कृष्णवर्णीय गणितज्ञ व ज्योतिर्विद यांच्या नावाने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी एक शिष्यवृत्ती होती. १९९४ मध्ये तेथील संघीय अपील न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरविली. पुढे जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठप्रवेशात वंशाचा विचार करण्याची पद्धतच अवैध ठरविली. जून २०२४ मध्ये अटलांटा येथील अपील न्यायालयाने कृष्णवर्णीय महिला उद्योजकांसाठी एका खासगी निधीने ठेवलेली अनुदान-स्पर्धा रोखली आणि त्याच वर्षी ती स्पर्धा बंद करण्यात आली. या शेवटच्या खटल्यात ज्या कायद्याचा आधार घेतला गेला, तो १८६६ चा नागरी हक्क कायदा होता. नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांना करार करण्याचा हक्क मिळावा म्हणून तो करण्यात आला होता. त्यांच्याच वंशजांना मदत करणाऱ्या योजनेविरुद्ध तो दीडशेहून अधिक वर्षांनी वापरला गेला, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही ऐकून घेतले पाहिजे. कायद्यापुढे सर्व समान असतील तर कोणत्याही वंशासाठी राखीव मदत असू नये, आणि आज गरीब असलेल्या श्वेतवर्णीय मुलाने काय पाप केले, असे तो पक्ष विचारतो. प्रश्न रास्त आहे. त्या मुलालाही मदत मिळालीच पाहिजे. परंतु ज्या भिंती वंश पाहून उभारल्या गेल्या, त्या वंशाचे नावही न घेता कशा पाडावयाच्या, या प्रश्नाचे उत्तर त्या पक्षाने दिलेले मला दिसत नाही. या निकालांनंतर तेथील अनेक विद्यापीठांनी व संस्थांनी आपल्या नियमांची भाषा बदलली. अर्ज कोणीही करावा. मात्र कृष्णवर्णीय समाजाच्या सेवेविषयीची तळमळ अर्जदाराने आपल्या कामातून दाखवावी, अशी अट काहींनी घातली. भाषा बदलूनही हेतू टिकविता येतो काय, याची परीक्षा आता चालू आहे. शासकीय नियमांची भाषा ज्यांच्या हाताखालून रोज जाते, अशा आपणांसारख्यांना या परीक्षेचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही.

आपल्या भूमीतील धागा

आरंभी मी म्हटले होते की या विषयाचा आपल्याशी संबंध आहे. तो धागा आता हाती घेतो. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांनी गुलामांना दास्यत्वातून मुक्त केले, त्यांच्या सन्मानार्थ अर्पण केला. दोन्ही भूमींतील दुःखाची जात एकच आहे, हे त्यांनी दीडशे वर्षांपूर्वी ओळखले होते.

१९१३ मध्ये महाराज सयाजीराव गायकवाड यांनी भीमराव आंबेडकर या तरुणास अमेरिकेत उच्च शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात या तरुणाने अर्थशास्त्र व समाजशास्त्र यांचा अभ्यास केला. पुढे ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी मुंबईत ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू केले. त्यासाठी राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. ज्यांना बोलू दिले गेले नाही, त्यांचा नायक! न्यूयॉर्कच्या त्या दोन संपादकांनी १८२७ मध्ये जे लिहिले, तेच या एका नावात सामावलेले आहे. एका राजाने शिक्षणाला मदत केली, दुसऱ्या राजाने पत्राला, आणि ज्याला मदत मिळाली त्याने लक्षावधी मुक्या माणसांना वाचा दिली. १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेनंतरच्या शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळू लागली, त्यामागेही बाबासाहेबांचाच आग्रह होता. मिळालेली शिष्यवृत्ती अशा रीतीने परत करावयाची असते.

समारोप

मित्रहो, आता आपणांकडे थोडे मागणे मागून मी रजा घेतो.

माहिती विभागातील सहकाऱ्यांना माझी विनंती अशी की, ज्या समाजासाठी आपण एखादी पत्रिका किंवा घोषणा तयार करतो, त्या समाजातील शिकलेली मुलगी किंवा मुलगा आपल्या टेबलाशी बसलेला आहे काय, हे प्रत्येक वेळी पाहावे. मजकूर पूर्ण झाल्यावर त्याला वाचावयास देणे पुरेसे नाही. मजकूर ठरतो तेव्हाच तो तेथे असावा.

शिक्षकांना विनंती अशी की, शिष्यवृत्तीचे परिपत्रक फलकावर लावून थांबू नये. ज्या मुलाच्या घरी अर्ज वाचणारा कोणी नाही, त्याच्याजवळ बसून तो भरून घ्यावा. दाखला कोठून आणावयाचा, बँकेचे खाते कसे उघडावयाचे, मुदत केव्हा संपते, या तीन गोष्टी न कळल्यामुळे हुशार मुले मागे राहतात. आणि वर्गातील जो विद्यार्थी चांगले बोलतो व चांगले लिहितो, त्याला वृत्तपत्रविद्या आणि जनसंपर्क यांचेही शिक्षण असते, हे एकदा तरी सांगावे. पुष्कळ मुलांना ते कोणी सांगितलेलेच नसते.

पंचायत सदस्यांना विनंती अशी की, गावात कोणी कर्तबगार माणूस दिवंगत झाला म्हणजे कमान किंवा चौथरा यांच्या जोडीने एक लहानसा शिक्षणनिधी उभारावा. त्याचा हिशेब दरवर्षी ग्रामसभेपुढे ठेवावा आणि त्यात दरवर्षी थोडी भर घालावी. तो कोणासाठी आहे हे स्वच्छ शब्दांत लिहून ठेवावे. त्या माणसाचे चार ओळींचे चरित्रही अर्जाच्या माथ्यावर छापावे, म्हणजे ज्या मुलीला तो निधी मिळेल तिला आपण कोणाच्या मागून चाललो आहोत हे कळेल.

लॉस एंजेलिसची ती शिष्यवृत्ती आणि आपल्या एखाद्या खेड्यातील असा निधी यांच्यामध्ये सात समुद्रांचे अंतर आहे. परंतु दोन्हीकडे अर्ज भरणाऱ्या मुलीच्या मनात एकच प्रश्न असतो. माझ्या माणसांविषयी जगात जे बोलले जाते, त्यात माझा शब्द कधी असेल काय? तिला ‘होय’ असे उत्तर देता यावे एवढ्यासाठी मागे राहिलेल्यांनी थोडे पैसे बाजूला ठेवले आणि एक नाव जपून ठेवले, तर गेलेल्या माणसाचे ऋण फेडल्यासारखे होईल.